आपल्यातलं कोणी उपग्रह बनवतं का?

गेल्या आठवड्यात आठवीच्या मराठीच्या तासाला ‘उपग्रह’ हा शब्द आला. अर्थ सांगून मी पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “टीचर, आपल्यातलं कोणी उपग्रह बनवतं का?”

सवयीनं मी कलाम साहेबांचं नाव घेतलं. ती गप्प झाली. तिला दुसरंच विचारायचं होतं. ‘आपल्यातलं’ म्हणजे ओव्यात राहणारं, उर्दू शाळेत शिकणारं, तिच्यासारखं कोणी.

मी भाषा शिकवते, विज्ञान नाही. तरी घरी आल्यावर वाचत बसले. खाडीपलीकडे पवईला, आयआयटी मुंबईत, 2007 साली विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ नावाच्या उपग्रहाचं काम हाती घेतलं. जुनी मुलं शिकून बाहेर पडली, नवी आली, काम चालूच राहिलं. 26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी35 नं तो अवकाशात नेला. वजन सुमारे 10 किलो, म्हणजे आपल्या घरात येणाऱ्या तांदळाच्या लहान पोत्याएवढं.

त्याचं काम होतं आयनांबर मोजण्याचं. जमिनीपासून साधारण 60 किलोमीटरवर सुरू होणारा हा हवेचा विरळ थर. उन्हातले अतिनील किरण तिथल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. लहानपणी रात्री अब्बांच्या रेडिओवर दूरदूरची स्टेशनं लागायची, दिवसा लागत नसत. कारण हेच. सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि वरच्या थरावरून त्या परत जमिनीकडे वळतात. आज मोबाइलमधलं जीपीएसही याच थरातून येतं आणि तो बिघडला की चुकतं. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, म्हणून आपल्या डोक्यावरचा हा थर जास्तच अवखळ.

‘प्रथम’ची युक्ती साधी होती. त्यानं वरून रेडिओलहरी सोडायच्या. आयनांबरातून येताना लहरींच्या कंपनाची दिशा फिरते. किती फिरली हे जमिनीवरच्या अँटेनानं मोजलं की वाटेत किती इलेक्ट्रॉन होते, याचा हिशेब लागतो. म्हणून इतर कॉलेजांनीही आपापल्या गच्चीवर असे अँटेना उभारावेत, अशी या योजनेची कल्पना होती. उपग्रह एक, पण ऐकणारे अनेक. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

आणि याच आयनांबराचा अभ्यास करणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था कुठे आहे? नवीन पनवेलला, कळंबोलीजवळ. ओव्यापासून काही किलोमीटरवर! तिची परंपरा कुलाब्याच्या वेधशाळेची. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हणून चुंबकीय नोंदींचं काम 1904 साली आपल्याच जिल्ह्यात, अलिबागला आलं. ते हलवणारे नानाभाई मूस हे त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. पारशी, म्हणजे आपल्याहून कितीतरी लहान समाजातले.

आपण जलशांत इब्न अल-हैथम, अल-बिरुनीच्या गोष्टी सांगतो. सांगाव्यातच. पण हजार वर्षांपूर्वीचा बसरा आपल्याला जवळचा वाटतो आणि कळंबोली दूर, हे कसं? दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलीलाही आपण सांगतो, “सायन्स इंग्रजीत असतं, तुला झेपणार नाही.” हे सांगणारे बाहेरचे नसतात. आपणच असतो, मीही सांगितलंय.

कुणी म्हणेल, फीचे वांधे आहेत, उपग्रह कुठे घेऊन बसलात? खरंय. पण संस्थेला पत्र लिहायला फी लागत नाही. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाआधी दोन महिने परवानगी मागायची, पालकांना रिक्षाच्या भाड्यासाठी तयार करायचं, आणि जाण्याआधी या थराबद्दल मुलांना उर्दूत आणि मराठीत सांगायचं. शेवटचं काम तर माझंच आहे. दोन भाषा येणाऱ्या शिक्षकानं दुसरं करायचं काय?

पत्राचा मसुदा मी लिहिलाय. शुद्धलेखन तपासायला त्या मुलीलाच दिलाय.