पुढच्या रविवारी येणार का?

मैत्रिणींनो, घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि म्हणा, "काढ बघू चित्र." दोन मिनिटांत दोन डोंगर उभे राहतील. मधून अर्धा सूर्य डोकावेल, खाली नदी वाहायला लागेल आणि काठावर उतरत्या छपराचं एक घर नि नारळाचं झाड. मूल सोलापूरच्या वाड्यातलं असो की नागपूरच्या फ्लॅटमधलं, चित्र तेच!

आणि धारावीतलं असलं तरीही तेच. हे मी अलीकडेच स्वतः पाहून आले.

आमच्या वन्सं माटुंग्याला राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्या दर रविवारी धारावीत मुलांच्या चित्रांच्या वर्गाला जातात. पगार नाही, पाटी नाही. पाचसहा जण मिळून चालवतात, त्यात दोन कॉलेजची मुलं. खोली तिथल्याच एका मंडळाने दिलेली. "बघायला चल," त्या मला म्हणाल्या, "पण खाऊची पिशवी आणायची नाही." मला जरा नवलच वाटलं. लहान मुलांकडे रिकाम्या हाताने जायचं?

शीव आणि माहीम या दोन स्टेशनांच्या मधली ही वस्ती. आपण तिला नुसती 'झोपडपट्टी' म्हणून मोकळ्या होतो, पण तिथली कितीतरी घरं म्हणजे छोटे कारखानेच आहेत. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्या आहेत. कुठे चामड्याच्या पिशव्या शिवल्या जातात, कुठे उलट्या टोपल्यांवर पापड वाळत असतात. ज्या खोलीत स्वयंपाक, तिथेच काम आणि तिथेच झोप. मग मुलाने कागद पसरायचा कुठे? आणि काढलेलं चित्र ठेवायचं कुठे? म्हणून या वर्गातली सगळ्यात मोलाची वस्तू रंगपेटी नव्हे, तर एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात प्रत्येक मुलाची नाव घातलेली फाईल असते. आल्या आल्या मुलं आधी आपली फाईल जागेवर आहे ना, ते पाहतात.

तीन वाजता तीसेक मुलं सतरंजीवर बसली. पहिल्या पाच मिनिटांत डोंगर, सूर्य, नदी सगळं हजर! कोणी रागावलं नाही. वन्सं एवढंच म्हणाल्या, "छान. आता आज सकाळी डोळे उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसलं, ते काढा." खोली एकदम शांत झाली. मग कागदावर निळं पिंप आलं, दोरीवरचे कपडे आले, भट्टीचा धूर आला. एका मुलीने नुसती शिडी काढली आणि तिच्यावर दोन पाय. वरचं अंग नाहीच! मी विचारलं तर म्हणाली, "काका माळ्यावरून उतरून कामाला जातात ना, तेव्हा मी खाली निजलेली असते. मला पायच दिसतात."

आता सांगा, हे चित्र तिला कोणी शिकवलं असतं? आणि आपण असतो तर पहिल्या झटक्याला काय म्हटलं असतं? "अगं, माणूस पुरा कर."

व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांवर एक पुस्तक लिहिलं. मूल रेघोट्यांपासून कोणकोणत्या पायऱ्यांनी पुढे जातं, ते त्याने त्यात मांडलं आहे. नऊ-दहा वर्षांच्या सुमारास मुलाला आपलं चित्र 'खऱ्यासारखं' नाही असं स्वतःलाच वाटू लागतं. त्याच वेळी आपण हात धरून दुरुस्ती केली, की बरीच मुलं पेन्सिल ठेवतात ती ठेवतातच. म्हणून वर्गाचा नियम असा की मुलाच्या कागदावर मोठ्यांनी रेघ ओढायची नाही. फक्त म्हणायचं, "मला याच्याबद्दल सांग." आणि मग खरोखर ऐकायचं.

पण या वर्गाची खरी अडचण रंगांची नव्हतीच. पहिल्या वर्षी हजेरीची वही पाहताना लक्षात आलं की दहा वर्षांच्या पुढच्या मुली हळूहळू गळताहेत. त्यांना बोल लावण्याऐवजी वन्सं त्यांच्या आयांकडे गेल्या. कारण अगदी साधं होतं. वर्ग सकाळी नऊला, आणि त्या गल्लीत पाण्याची वेळही तीच. शिवाय धाकट्या भावंडाला सोडायचं कुणाकडे? मग वर्ग दुपारी तीनला नेला आणि धाकट्यांसाठी एका कोपऱ्यात कणकेचे गोळे ठेवले. बऱ्याच मुली परत आल्या. एक मात्र आली नाही. दुपारी घरी मणी ओवायचं काम असतं. तिची फाईल अजून ट्रंकेत आहे. "तिची जागा भरायची नाही," असं बाकीच्या मुलींनीच ठरवलंय.

मुलीला न्यायला आलेली एक तमिळ बाई दारातच उभी होती. कोणीतरी तिच्या हातात खडू दिला. आधी लाजली, मग खाली बसून तिने ठिपके मांडले आणि त्यांच्याभोवती एकाच न तुटणाऱ्या रेषेने कोलम काढलं. सगळी मुलं तिच्याभोवती गोळा! तिच्या मुलीचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. आपली रांगोळी काय, वारली बायकांनी लग्नात भिंतीवर काढलेला चौक काय, चित्रकला बायकांच्या हातांत केव्हापासूनच आहे.

खाऊची मनाई का, तेही कळलं. वाढदिवसाला वाटप करायला, फोटो काढायला माणसं येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मग मुलं येणाऱ्याच्या पिशवीकडे पाहायला शिकतात. या वर्गात मला मुलांनी दोनच प्रश्न विचारले. "तुमचं नाव काय?" आणि "पुढच्या रविवारी येणार का?" दुसऱ्याला खोटं उत्तर द्यायचं नाही, असं वन्संनी आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, "नाही रे बाळांनो, मी लांब राहते." पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसून घरापर्यंत आला.

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालहक्कांची सनद मंजूर केली आणि १९९२ साली भारतानेही ती स्वीकारली. तिच्या ३१व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला हा मुलांचा हक्क म्हटला आहे. हक्क म्हटल्यावर ती आपली मेहेरबानी उरत नाही, नाही का?

तुमच्याही गावात अशी वस्ती असेल. वर्ग चालू असेल तर काय हवं ते आधी विचारा. घरातले तुटके खडू पाठवू नका. एका बाजूने कोरे कागद, जुन्या कॅलेंडरची पानं, साड्यांचे खोके जरूर द्या. खळ घरी करता येते. एक वाटी मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. किडीसाठी मोरचूद घालायची आपली जुनी सवय, पण ते विषारी, मुलांच्या खळीत अजिबात नको. दोन दिवसांपुरतीच करावी. तांबूस रंगाला गेरू, पिवळ्याला हळद. हळदीत चिमूटभर चुना घातला की कुंकवासारखा लाल होतो. चुना मात्र आपणच कालवावा, मुलांच्या हाती देऊ नये.

वर्ग नसेल, तर दोघी-तिघी मिळून सुरू करा. आठवड्यातून एक तास पुरे. वेळ ठरवण्याआधी तिथल्या आयांना पाणी केव्हा येतं ते विचारा. आणि एकदा वार ठरला की तो पाळा. त्या दिवशी नेमके पाहुणे आले, तर त्यांनाही बरोबर न्या!