फ्लॅकचा शिक्का आणि खरखरीची साक्ष

आषाढात रामटेकला कालिदासाची आठवण निघते, मेघदूताचे पठण होते. भजनी मंडळे तर बारा महिने गातात. अशा पठणांच्या, भजनांच्या जुन्या कॅसेटी आता संगणकावर उतरवल्या जातात आणि फाइल ‘फ्लॅक’ या ध्वनिफाइलींच्या प्रकारात आहे म्हणजे मूळ ध्वनी जसाच्या तसा आहे, असे ठामपणे सांगितले जाते. हे साफ चूक आहे. फ्लॅक हाती आलेल्या ध्वनीतले काही गाळत नाही, इतकेच. आधीच गळून गेलेले ते परत आणत नाही. ध्वनीतला बराच भाग गाळून बनवलेला १२८ किलोबिटचा एमपीथ्री फ्लॅकमध्ये भरला तर फाइल कितीतरी पट फुगते, ध्वनी कणभरही वाढत नाही.

काही जाणकार मात्र दुसरे टोक गाठतात. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचा उजेड-काळोख दाखवणारा ध्वनीचा आलेख, उघडला, १६ किलोहर्ट्झच्या वर काळोख दिसला, की फाइल बनावट! हेही मला मान्य नाही. एफएम रेडिओवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज मुळात पाठवतच नाहीत. मायक्रोफोन येण्यापूर्वी भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या तबकड्यांत गाणे ५ किलोहर्ट्झच्या फारसे पुढे जात नाही. त्यांना काय बनावट म्हणायचे? उलट ३२० किलोबिटचा एमपीथ्री २० किलोहर्ट्झपर्यंत सहज पोचतो, म्हणून वर उजेड दिसला तरी फाइल निर्दोष ठरत नाही.

पाहायची ती खरखर. दोन श्लोकांमधल्या विरामात पाठक थांबतो, पण फितीची सळसळ थांबत नाही. ती वर वर विरळ होत जाते, एकदम तुटत नाही. तीच सळसळ १६ किलोहर्ट्झला कात्रीने कापल्यासारखी संपली, खालच्या पट्ट्यांत चौकोनी काळी भोके दिसली आणि ‘स’, ‘श’ आला की तेवढ्यापुरते वर ठिपके उमटले, तर मध्ये कुठेतरी एमपीथ्री झालेला आहे, असे मी खुशाल म्हणेन. म्हणूनच कॅसेट उतरवताना खरखर पुसून टाकायला माझा कडाडून विरोध आहे. ऐकण्यासाठी साफ केलेली प्रत वेगळी ठेवा. पुरावा पुसू नका.

आणि गाळीव ध्वनी टाकाऊ नसतो. १९९२ मध्ये आलेल्या मिनीडिस्कवर भरलेल्या मैफलींचे मूळच गाळीव आहे. एखाद्या भजनाचा एमपीथ्रीच उरला असेल, तर तो एमपीथ्री म्हणूनच जपावा, फ्लॅकचा शिक्का मारू नये. फाइलसोबत लिहावे: कॅसेट कोणती, डेक कोणता, मध्ये कुठले रूपांतर झाले. आणि मूळ कॅसेट अजून कुणाच्या कपाटात असेल, तर डेकचे हेड पुसून, फीत खराब होण्याआधी ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर पुन्हा उतरवावी.