पत्रकारिता सोडतोय, पण...

वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. मजिठिया वेतन आयोग २०११ला मान्य झाला, २०१४ला सुप्रीम कोर्टानेही उचलून धरला. आमच्यापर्यंत काही पोचला नाही. आम्हाला पगार नाही, जाहिरातीचं कमिशन. १५ ऑगस्ट, दिवाळी, साहेबांचा वाढदिवस आला की टार्गेट! ज्याच्या रस्त्याचे खड्डे सोमवारी छापायचे, त्याच्याच दारात मंगळवारी जाहिरात मागायची.

आता एका नेत्याचं सोशल मीडिया सांभाळायची ऑफर आलीय. महिना तीस हजार. पोरगी बारावीला आहे. बायको ‘घ्या’ म्हणते, तिचंही चुकत नाही. पण ज्याच्याकडे टँकरचा हिशेब मागितला, त्यालाच ‘विकासपुरुष’ लिहायला हात धजत नाही. त्यापेक्षा झेरॉक्सचं दुकान बरं. तहसीलजवळ गाळा असेल तर कळवा.