घरच्या बिस्किटाचे भाषांतर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडणारी एक कथा आम्ही मराठीत आणली होती. तिच्यातील बाई पहाटे उठून घरातल्या सर्वांसाठी बिस्किटे करते. भाषांतर वर्गात वाचून दाखविले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "एवढ्या पहाटे उठून बिस्किटे कशाला भाजायची? दुकानात पुडा मिळत नव्हता का?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. मात्र घरी आल्यावर ध्यानात आले की, चूक त्या मुलीची नसून आमची होती.

बिस्कीट या शब्दाच्या मुळाशी 'दोनदा भाजलेले' हा लॅटिन अर्थ आहे. खलाशांच्या शिदोरीतला तो कडक, टिकाऊ पदार्थ. अमेरिकेत शब्द तोच राहिला आणि वस्तू बदलली. नोआ वेब्स्टरच्या १८२८ च्या कोशात खलाशांच्या बिस्किटाबरोबर घरगुती बिस्किटाचीही नोंद आहे. बेकिंग पावडर येण्यापूर्वी पीठ हलके व्हावे म्हणून ते लाकडी दांड्याने अर्धा-अर्धा तास बडवीत. गुलामगिरीच्या काळात हे श्रम बहुधा गुलाम स्त्रियांच्या वाट्याला येत. पुढे एकदाच भाजलेले, मऊ, पदर सुटणारे आणि गरम खायचे बिस्कीट तेथे रूढ झाले.

मराठीतले बिस्कीट मात्र बाहेरून आले. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले आणि रानडे-टिळकांपुढेही प्रायश्चित्ताचा प्रश्न आला. नंतर ते घराघरांत रुळले, पण पुड्यातून. नानकटाईचे साहित्य घरचे असले तरी ती बेकरीत नेऊन भाजून आणण्याचीच रीत होती. आमच्या शब्दातली भट्टी नेहमी दुसऱ्याची. म्हणून 'तिने बिस्किटे केली' या मराठी वाक्यात त्या बाईचे कष्ट दिसत नाहीत, दिसतो तो केवळ तिचा छंद.

अखेर आम्ही ती बिस्किटे करून पाहिली. दोन वाट्या मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर सोडा, मीठ, फ्रीजमधल्या गार लोण्याचे तुकडे आणि आपल्या ताकापेक्षा दाट असे घुसळलेले आंबट दही. पहिल्या खेपेस सवयीने कणकेसारखे मळले, आणि जे निघाले ते खरोखरच मराठी अर्थाचे बिस्कीट होते, कडक! दुसऱ्या खेपेस पीठ नुसते गोळा केले, तीन-चार घड्या घातल्या, वाटीने गोल कापले आणि २२० अंशांवर पंधरा मिनिटे भाजले. लोण्याचे तुकडे वितळताना वाफ होते आणि पदर सुटतात. साट्याच्या करंज्या करणाऱ्यांना हे नवे नाही. गरम असतानाच वरून ठेचलेला लसूण घातलेले वितळलेले लोणी फासले. लसणाचा वास घरभर पसरला आणि कोणी न बोलावता माणसे स्वयंपाकघरात आली. कथेतली ती पहाट आम्हाला तेव्हा कळली.

मग पर्याय कोणता? काही मित्र म्हणतात, सरळ 'भाकरी' लिहावे. आम्हाला ते मान्य नाही. भाकरी लिहिताच ती बाई आपल्या चुलीपुढे येऊन बसते आणि तिचा देश पुसला जातो. तळटीप दिली तर वाचक कथेबाहेर जातो. शब्द बिस्कीटच ठेवावा आणि त्याचा अर्थ वाक्यातून उभा करावा, असे आमचे मत आहे. आम्ही आता लिहिले आहे : 'उजाडण्यापूर्वी तिने ताकात पीठ कालवले; मुले उठली तेव्हा बिस्किटांचे गरम पदर लोण्याने भिजले होते.'

यात मुळापेक्षा चार शब्द अधिक आहेत, हे खरे. पण ते आमच्या पदरचे नाहीत, मूळ वाचकाला न सांगता कळणारेच आहेत. भाषांतराच्या अभ्यासक्रमात कोश असतात, सिद्धान्त असतात. विद्यार्थ्यांना एखादा दिवस ओट्यापाशीही उभे करावे, एवढीच आमची सूचना आहे.