तीनशे चौथ्या नंबरची पोरगी

२३ ऑगस्ट २०२० रोजी स्कॉटलंडमधल्या रॉयल ट्रून मैदानावर सोफिया पोपोव्हने महिलांची ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा जिंकली, तेव्हा जागतिक क्रमवारीत तिचा नंबर होता ३०४. मेजर, म्हणजे गोल्फमधली सर्वोच्च दर्जाची स्पर्धा, जिंकणारी ती पहिली जर्मन महिला. बक्षीस पौने सात लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास पाच कोटी रुपये. पण आदल्या वर्षी अमेरिकेच्या मुख्य दौऱ्याचं कार्ड, म्हणजे त्या स्पर्धामालिकेत खेळण्याचा परवाना, तिच्या हातून एका फटक्याने निसटलं होतं आणि खेळ सोडून द्यावा, इथपर्यंत ती आली होती. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या लाइम आजाराने तिची कित्येक वर्षं खाल्ली. ट्रूनच्या तीन आठवडे आधी ती एका मैत्रिणीची कॅडी होती, म्हणजे दुसरीची बॅग सांभाळत होती. पोटापाण्याला आणि सरावाला आधार होता तो ॲरिझोनातल्या कॅक्टस टूर नावाच्या छोट्या स्पर्धांचा.

हे आमच्या निमोणे गावात सांगून उपयोग काय, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. गोल्फला लागतं हिरवंगार मैदान, आणि शिरूरच्या या पट्ट्यात घोड धरणाचं आवर्तन कधी सुटणार यावर उसाचं आणि कांद्याचं गणित ठरतं. इथे गोल्फचं मैदान करा म्हणणाऱ्याला लोक गावाच्या वेशीबाहेर घालवतील, आणि तेच बरोबर ठरेल. या खेळात भारताचं नाव निघालं तेही घरच्या बळावर. टोकियोत अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, तेव्हा तिची कॅडी तिची आई होती. दीक्षा डागरची बॅग तिचे लष्करी अधिकारी वडील उचलत आले. असं घर असलेल्यांचाच हा खेळ, हे मान्य करून पुढे जाऊ.

आपल्याकडच्या मुलींचा खेळ वेगळा. पहाटे अंधारात, शाळेच्या जुन्या ट्रॅकसूटवर, डांबरी रस्त्याच्या कडेने त्या पळतात. कोणाच्या तरी हातात मोबाईलचं स्टॉपवॉच असतं. पळायचं असतं आठशे मीटर, कारण पोलीस भरतीत मुलींना तेवढंच असतं. मग शंभर मीटर, मग चार किलोचा गोळा. यात हसण्यासारखं काही नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि वर्दी अंगावर आली की घराचं रूप पालटतं. ज्या बापाने पोरीला पळायला पाठवलं त्याने हिशेब पुरता करूनच पाठवलंय.

तरी या हिशेबात एक गळती आहे. भरती झाली की पळणं थांबतं, आणि नाही झाली तर लग्न ठरतं. ट्रूनला पोपोव्ह सत्तावीस वर्षांची होती. आपल्याकडे खुल्या गटात शिपाई भरतीची मर्यादा अठ्ठावीसची. म्हणजे ज्या वयात तिला मोठं यश मिळालं, त्या वयात आपल्या मुलीचा शेवटचा अर्ज भरून होतो.

अठरा ते पंचवीस ही वर्षं कोणी पेलायची, खरा वाद इथे आहे. साताऱ्याच्या शेरेवाडीची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, सतराव्या वर्षी. तिचे शिक्षक वडील त्यासाठी कर्जात उतरले होते. कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे याला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक मिळाल्यावर राज्याने एक कोटी जाहीर केले. त्याआधीची वर्षं त्याने रेल्वेच्या नोकरीवर काढली. पदकानंतर थैली सोडायला आपण तयार असतो. पदकाआधी एसटीचं भाडं मागितलं की फाईल फिरायला लागते.

यावरचा आक्षेपही ठोस आहे. बहुतेक मुली जिंकणार नाहीत, मग सार्वजनिक पैसा का घालायचा? क्रमवारीत तीनशेच्या आसपासच्या शेकडो खेळाडूंची नावं कोणी ऐकलेली नाहीत, हे खरं आहे. शिवाय गोल्फच्या दौऱ्याचे नियमही फार उदार नव्हते. पोपोव्ह दौऱ्याची सभासद नव्हती म्हणून मेजर जिंकूनही तिला पाच वर्षं दौऱ्यावर खेळण्याची सवलत आधी नाकारली गेली. टीका झाली, मग नियम बदलला. आणि त्या विजयानंतर तिने दुसरी मेजर जिंकलेली नाही. बैलगाडा शर्यतीच्या बैलावर लाखो घालणाऱ्या तालुक्याने मात्र हा प्रश्न विचारावा याची थोडी गंमत वाटते. बैलही दरवेळी घाटात पहिला येत नाही.

आमचं मत असं: नवं क्रीडासंकुल नको, भिंती आणि कोनशिला पुष्कळ झाल्या. राज्य पातळीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला पंचविशीपर्यंत प्रवास, खुराक आणि प्रशिक्षक मिळावा. दर वर्षी कामगिरी तपासावी, नाही जमलं तर मदत थांबवावी. भरतीची तयारी तिने सोबत चालूच ठेवावी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. त्यातून गेल्या वर्षी काय घेतलं आणि एखाद्या खेळाडू मुलीचा प्रवासखर्च त्यात बसतो का, हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.