मोबाईलची स्क्रीन कॉम्प्युटरवर घेताय? आधी हे बघा

मोबाईलची स्क्रीन कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर निवडताना बरेच जण फुकट आहे का आणि अडकत तर नाही ना, एवढंच बघतात. मी आधी बघतो, आपली स्क्रीन जाते कुठे.

एनीडेस्कसारखी अ‍ॅप्स इंटरनेटवरून चालतात. जोडणीचा नंबर सांगून परवानगी दिली की कुठे तरी दूर बसलेला माणूस तुमची स्क्रीन बघतो, त्यावर आलेल्या ओटीपीसकट. अशाच वाटेने यूपीआयमधून पैसे लुटले जाऊ शकतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. तरी 'केवायसी अपडेट करायचंय, हे अ‍ॅप टाका' असे फोन काही थांबलेले नाहीत. अ‍ॅप वाईट नाही हो, लांबून मदत करायला ते बनलंय. पण शेजारच्या टेबलावरच्या लॅपटॉपसाठी ते कशाला?

अँड्रॉइड असेल तर मी एससीआरसीपीवाय सुचवेन. म्हणजे 'स्क्रीन कॉपी'! फुकट, ओपन सोर्स, लॉगिन नाही, आणि यूएसबी केबलवर चालतं. फक्त डाउनलोड त्याच्या अधिकृत गिटहब पानावरूनच करा, त्याच नावाच्या भलत्या साइट्सवरून नको. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. काम झालं की ते बंद करा. सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरला तर ही परवानगी देऊच नका.

आयफोनवाल्यांना मॅकमध्ये सिक्वोयापासून ही सोय आयतीच मिळते.

आणि बँकेचं अ‍ॅप उघडल्यावर कॉम्प्युटरवर काळा चौकोन दिसला तर घाबरू नका. अशी बरीच अ‍ॅप्स आपली स्क्रीन मुद्दाम झाकतात.