पळून जाण्याचा ‘रोग’ आणि डॉक्टरांची दप्तरे

१/ ‘त्या काळच्या माणसांना त्या काळाच्याच मापाने मोजावे,’ हा युक्तिवाद इतिहासप्रेमींना फार प्रिय आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांबाबत तो हटकून पुढे केला जातो. तो टिकतो का, ते पाहू.

२/ न्यू ऑर्लिन्सचा डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट. १८५१ साली त्याने एक नवा रोग जाहीर केला: ‘ड्रेपटोमेनिया’. लक्षण एकच, गुलामाने मालकाकडून पळून जाणे. प्रतिबंधक उपायांत चाबकाचे फटकेही होते. हे सारे वैद्यकीय नियतकालिकात रीतसर छापले गेले.

३/ काळच तसा होता? मग त्याच दशकात, १८५६ साली, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने या रोगाची खिल्ली कशी उडवली? करारबद्ध गोरे नोकरही पूर्वी पळून जातच. तेव्हा हा रोग मूळचा गोऱ्यांचाच असावा, असे त्याने उपरोधाने लिहिले.

४/ माँटगोमेरीचा जे. मॅरियन सिम्स. १८४५ ते १८४९ या काळात त्याने अनार्का, बेट्सी, लूसी आणि इतर गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या; एकट्या अनार्कावर सुमारे ३०. ईथरची भूल १८४६ मध्येच बोस्टनला जाहीरपणे दाखवली गेली होती. संमतीचे म्हणाल, तर कायद्याने त्या स्त्रियांचा देहच मालकाचा होता.

५/ आता दप्तरांकडे वळू. कार्टराइट घराण्याचे कागद लुइझियाना स्टेट विद्यापीठाने जपले आहेत. अशा दप्तरांवर नाव असते ते डॉक्टरचे. अनार्काने स्वतःच्या हातचे एक पानही मागे ठेवलेले नाही. तिला आपण ओळखतो ते सिम्सच्या लेखणीतून.

६/ म्हणून हे कागद जाळायचे? मुळीच नाही. ते उलट बाजूने वाचायचे. पलायनाला रोग ठरवण्याची गरज पडली, याचाच अर्थ माणसे सतत पळत होती. कार्टराइटचा लेख हा नकळत दिलेला त्यांच्या प्रतिकाराचा पुरावा आहे.

७/ आणि कागदावरच विसंबायचेही नाही. ऑगस्टाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस या गुलामाला विकत घेतले, ते विच्छेदनासाठी प्रेते उकरून आणायला. १९८९ मध्ये त्याच जुन्या इमारतीच्या तळघरात हजारो मानवी हाडे सापडली. त्यांतली बहुसंख्य कृष्णवर्णीयांची होती.

८/ ‘काळाचे माप’ लावायचेच असेल, तर त्या काळात अनार्काही जगत होती. तिचे माप वगळून काढलेला निष्कर्ष म्हणजे डॉक्टरांची वकिली. त्याला इतिहास म्हणू नये.